जुन्या १६१२ला स्लोवर टिकटिक : टॅपेट माप बरोबर, तरी एक वाजतोच

जांभाचिरा | १४ जून, रात्री ९.१२

मंडळी, वडिलांचा टाटा १६१२ ट्रक आहे, १९९४चा, बिनटर्बोचं ६९७ इंजिन. गाडी चिऱ्याला असते. राजापूरच्या बाजूला भरायची आणि करूळ घाट चढून गगनबावड्यावरून कोल्हापूरकडे. आठ दिवसांपूर्वी पाऊस लागला, खाणी बंद झाल्या. आता दसऱ्यापर्यंत गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी. म्हणजे वेळच वेळ आहे.

मार्चपासून इंजिन टिकटिक करतंय. सकाळी चालू केल्या केल्या आवाज येतो. गरम झाल्यावर किंचित कमी होतो, पण जात नाही. स्लोवर (ॲक्सिलरेटरवर पाय नसताना) अगदी स्वच्छ ऐकू येतो, रेस केली की बाकीच्या आवाजात मिसळतो. ओढ कमी झालेली नाही, धूर नाही, ऑइल खात नाही, प्रेशरचा काटा जिथे असतो तिथेच आहे.

बाबा म्हणतात टॅपेट आहे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट (गॅप) वाढली आहे. एका गॅरेजवर दाखवली तर "हेड खोलावं लागेल" असं सांगितलं. दुसऱ्याने बॉनेटही उघडलं नाही, "जुनी गाडी आहे, वाजणारच" म्हणाला. मला यातलं एकही पटलं नाही. या गाडीवर आमची दोन शिक्षणं आणि एक लग्न झालंय. तिला काय होतंय ते नीट समजून घ्यायचं आहे आणि जमलं तर स्वतःच्या हाताने दुरुस्त करायचं आहे. बाबांना आता बारीक दिसत नाही. ते शेजारी बसून सांगणार आणि मी करणार.

टॅपेटच आहे हे पक्कं कसं करायचं? आणि माप काय ठेवायचं?

हायवेचा सोबती | १४ जून, रात्री १०.०५

भाऊ, आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट बघून घे. ते फुटलं की हुबेहूब टॅपेटसारखं वाजतं, थंड असताना जास्त आणि लोखंड तापून फुगलं की कमी. मॅनिफोल्ड जिथे हेडला बसतो तिथे काजळीचा काळा पट्टा दिसतो का बघ. माझ्या गाडीचं मी दोनदा टॅपेट करून घेतलं होतं, निघालं गॅस्केट.

आगारातला फिटर | १५ जून, सकाळी ६.४०

सोबती यांनी सांगितलेलं आधी करा, ते पाच मिनिटांचं काम आहे. इंजेक्टरच्या बुडाशीही बघा. तिथला वॉशर गळायला लागला की चफ-चफ असा आवाज येतो आणि आजूबाजूला काळं ओलसर होतं.

आता टॅपेटची ओळख. मी आगारात ३१ वर्षं याच जातीच्या इंजिनांवर काम केलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो. क्रँकचे दोन फेरे झाले की प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडतो. इंजिन स्लोवर ६००च्या आसपास असेल तर एक व्हॉल्व्ह मिनिटाला ३०० वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला पाच. एकच टॅपेट वाजत असेल तर सेकंदाला पाच टिका पडतील. क्रँकचा, बेअरिंगचा आवाज याच्या दुप्पट, दहा. कानाला पाच आणि दहा यातला फरक कळतो. अगदी मोजायचंच असेल तर आता मोबाइल आहेत, दहा सेकंद आवाज भरून घ्या आणि सावकाश लावून मोजा.

दुसरी खूण. इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट किंचित ढिला करायचा, म्हणजे तो सिलिंडर मरतो. आवाज बदलला तर तो इंजेक्टरचा नाहीतर खालचा, बेअरिंग-पिस्टनचा. सहाही सिलिंडर मारून आवाज तसाच राहिला तर तो व्हॉल्व्हच्या बाजूचा. मात्र इथे काळजी घ्या. पंपाकडून येणाऱ्या डिझेलचा दाब इतका असतो की बारीक धार कातडी भेदून आत शिरते. वरून दिसायला सुईच्या टोकाएवढी जखम, आत मात्र हात सडतो. नटावर जाड चिंधी टाका, पाव फेऱ्याच्या वर सोडू नका, तोंड आणि बोटं लांब ठेवा. मन धजत नसेल तर ही चाचणी सोडून द्या, पहिली पुरेशी आहे.

जांभाचिरा | १५ जून, दुपारी ३.५०

काका, खूप आभार. मॅनिफोल्डला काजळी नाही, इंजेक्टरची बुडं कोरडी.

आवाज भरून घेतला. दहा सेकंदांत ४९ टिका, तीन वेळा मोजल्या. बाबांनी लगेच हिशोब केला : हा आवाज क्रँकचा असता तर इंजिन ३००च्या फेऱ्यांवर चालतंय असं झालं असतं, आणि तेवढ्यावर ते उभंच राहत नाही, बंद पडतं. म्हणजे कॅमच्याच बाजूचा.

नटाची चाचणी बाबांनी मला करू दिली नाही, स्वतः केली. डोळ्यांनी कमी दिसतं पण हाताला सगळं माहीत आहे. सहाही मारून बघितले, टिकटिक होती तशीच.

आता माप सांगा.

आगारातला फिटर | १५ जून, सायंकाळी ७.१५

इनटेक ०.२० मिमी, एक्झॉस्ट ०.३०. इंजिन पूर्ण थंड असताना. जुने मेस्त्री आठ थाव आणि बारा थाव (थाव म्हणजे इंचाचा हजारावा भाग) म्हणतात ते हेच.

एक्झॉस्टला जास्त का, ते बाबांना माहीत असेलच, पण वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितो. व्हॉल्व्हची दांडी तापली की लांब होते. एक्झॉस्टच्या अंगावरून जळालेला वायू जातो म्हणून तो जास्त तापतो, जास्त वाढतो. वाढायला जागा ठेवली नाही तर रॉकर त्याला दाबूनच धरतो, तो सीटवर पूर्ण बसत नाही. व्हॉल्व्हच्या तोंडाची उष्णता बाहेर जाते ती मुख्यतः सीटला टेकल्यावरच. टेकला नाही की तो थंड होत नाही, मग एका बाजूने जळतो आणि खाच पडते.

आता कृती. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी काम करा. न्यूट्रल, चाकांना ठोकळे, बॅटरीची वायर काढलेली, इंजिन बंद करायची ओढ ओढून बांधलेली. कव्हर काढण्याआधी त्याच्या भोवतीची माती ब्रशने आणि डिझेलने साफ करा. चिऱ्याच्या गाडीवर लाल माती किती बसते ते तुम्हाला सांगायला नको, ती आत पडता कामा नये.

फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-५-३-६-२-४. जोड्या लक्षात ठेवा : १ आणि ६, ५ आणि २, ३ आणि ४. जोडीतले दोन्ही पिस्टन एकदम वर येतात. एकाचे दोन्ही व्हॉल्व्ह डुलत असतात, तेव्हा दुसऱ्याचे दोन्ही पूर्ण बंद असतात. डुलणं म्हणजे काय, तर एक्झॉस्ट मिटत आलेला आणि त्याच क्षणी इनटेक उघडायला लागलेला. पुलीचा बोल्ट पकडून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने, समोरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यासारखं, सावकाश फिरवा. ६चे डुलले की १चे टॅपेट करा. पुढे क्रँकचा एक तृतीयांश फेरा, २ डुलतील, ५चे करा. मग ४ डुलले की ३चे, १ डुलला की ६चे, ५ डुलला की २चे, ३ डुलला की ४चे. क्रँकचे दोन फेरे पुरे झाले की बाराही टॅपेट झाले. इनटेक कुठला, एक्झॉस्ट कुठला हेही डुलताना कळतं : मिटतो तो एक्झॉस्ट, उघडू लागतो तो इनटेक. खडूने खूण करून ठेवा.

फीलर गेजची (ठरलेल्या जाडीच्या पट्ट्यांचं मापक) पात स्वच्छ पुसून, तेलाचं बोट लावून घाला. जाताना अडता कामा नये, लटलटताही कामा नये. दोन वह्यांच्या मधून कागद ओढताना जसा हलका धरून येतो, तसं वाटलं पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं : लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच. नट आवळून झाल्यावर पुन्हा पात घाला. नव्या माणसाचे निम्मे टॅपेट इथेच बिघडतात. खात्रीसाठी ०.३० गेली तर ०.३५ जाता कामा नये.

काही करण्याआधी बाराही गॅप जसे आहेत तसे वहीत लिहून घ्या. न लिहिता फिरवायला लागलात तर दुखणं कुठे होतं ते कधीच कळणार नाही.

फिनिक्सकर | १६ जून, सकाळी ८.२०

मी ॲरिझोनात असतो, माझ्याकडे जुना टोयोटा पिकअप आहे, २२आरई इंजिनचा. योगायोग असा की त्याचंही माप ०.२० आणि ०.३०च आहे. पण टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये ते गरम इंजिनावर करायला सांगितलंय. मी दर वेळी अर्धा तास चालवून, हात भाजत करतो. थंडावर केलं तर चालल्यावर गॅप बदलेल ना? खरा गॅप तर चालतानाचा.

उद्यमनगरचा | १६ जून, सकाळी ११.३०

दोन्ही बरोबर हायेत, इंजिनं वेगळी हायेत एवढंच. तुमच्या २२आरईत कॅम वरती हेडमध्ये, पुशरॉड नाही, हेड ॲल्युमिनियमचं. आमच्या ६९७मध्ये कॅम खाली ब्लॉकमध्ये, तिथनं रॉकरला ढकलणारा लांब पुशरॉड वर येतो, ब्लॉक-हेड बीडाचं. तापल्यावर कोण किती वाढणार ते प्रत्येकात निराळं. कंपनी ते सगळं धरूनच माप देते आणि कुठल्या अवस्थेत घ्यायचं तेही देते. आकडा आणि अवस्था कधी वेगळी करायची नाही बघा. गरमचं माप थंडावर लावलं किंवा उलट केलं की आकडा बरोबर असून काम चूक.

आता विषय निघालाच आहे तर नावाचं सांगतो, कारण दुकानात पोरं विचारतात. ६९७ म्हणजे ६ सिलिंडर, ९७ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास). स्ट्रोक (पिस्टनची चाल) १२८. गुणाकार केला की ५,६७५ सीसी येतात. टाटा ४०७ मध्ये यायचं ते ४९७, म्हणजे ४ सिलिंडर, तोच ९७चा बोअर. त्याआधीचं ६९२, ते ९२चं. टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि डायमलर-बेंझ यांचा करार १९५४ ते १९६९ असा पंधरा वर्षांचा होता. मर्सिडीजच्या ओएम ३५२चे बोअर-स्ट्रोकही हेच, ९७ आणि १२८. नंबरातच इंजिनाची कुंडली लिहिलेली असते.

फिनिक्सकर | १६ जून, रात्री ८.०५

समजलं. पुशरॉडचा विचारच केला नव्हता. धन्यवाद.

बारा चाकी | १६ जून, रात्री ९.३०

मध्येच विचारतो. माझ्या गाडीला कमिन्सचं ६बीटी ५.९ आहे. हेच माप चालेल का?

आगारातला फिटर | १६ जून, रात्री ९.५५

अजिबात नाही. बारा व्हॉल्व्हच्या ६बीटीला इनटेक ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.५१, थंड. फायरिंग ऑर्डर तीच आहे म्हणून माप तेच धरू नका. ०.३० वर एक्झॉस्ट ठेवलेत तर थोड्या दिवसांत व्हॉल्व्ह जाळून बसाल.

जांभाचिरा | १८ जून, दुपारी १.४०

काल सकाळी कव्हर उघडलं. आधी मनातलं लिहितो. तीस वर्षं ज्या इंजिनाचा आवाज ऐकत आलो, ते आतून पहिल्यांदा बघितलं. बारा रॉकर ओळीत, तपकिरी तेलाने माखलेले. पुली फिरवली की एकामागून एक मान डोलावतात. बाबा स्टुलावर बसून नुसत्या आवाजावर सांगत होते, "हा सहाचा डुलला, थांब." दर वेळी बरोबर.

काकांनी सांगितल्याप्रमाणे आधी सगळं वहीत लिहिलं. इनटेक सगळे ०.२० ते ०.२५ मध्ये. एक्झॉस्टमध्ये १, ३, ५ आणि ६ हे ०.३० ते ०.३५. २चा एक्झॉस्ट मात्र ०.१५. आणि ४चा बरोब्बर ०.३०. सगळे मापावर आणले, नट आवळल्यावर पुन्हा तपासले. पाच वेळा स्क्रू सरकलेला सापडला, म्हणजे तो इशारा खराच होता.

कव्हर लावून चालू केली. टिकटिक तशीच. एका थेंबाचाही फरक नाही.

लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक कव्हरवर आणि मूठ कानाला लावून ऐकलं तर सगळ्यात मोठा आवाज ४च्या वर येतो. पण ४चे दोन्ही टॅपेट तर हात लावायच्या आधीपासून मापात होते! आता काय करू?

घाटमार्ग | १८ जून, दुपारी २.२५

सोपं आहे. ४चा एक्झॉस्ट थोडा थोडा आवळत जा, आवाज बंद होईल तिथे नट टाइट कर. आमच्याकडे सगळे असंच करतात. माप पुस्तकात, आवाज कानात.

आगारातला फिटर | १८ जून, दुपारी ४.१०

जांभाचिरा, हे करू नका. घाटमार्ग, तुमच्यावर राग नाही, पण याच सवयीने मी किती व्हॉल्व्ह जळालेले बघितलेत ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या मेहुण्याच्या गाडीची गोष्ट. त्याचा टॅपेट असाच वाजत होता. कुणीतरी आवाज जाईपर्यंत आवळून दिला. गाडी इतकी शांत झाली की त्याने खुशीने पेढे वाटले. दीड महिन्याने लोड घेऊन चढावर गाडी ओढेना, एक सिलिंडर मिस. हेड उतरवलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेचा तुकडाच नव्हता, अर्धचंद्रासारखा जळून गेला होता. सीटही गेली. हेडचं काम, उभ्या गाडीचा हप्ता, सगळं मिळून त्याचा तो हंगाम गेला.

ढिला टॅपेट आवाज करून आपल्याला कळवतो. घट्ट झालेला काही कळवत नाही. जांभाचिरा, तुमच्या वहीतला सगळ्यात धोक्याचा आकडा ४चा नव्हताच, २च्या एक्झॉस्टचा ०.१५ होता. तो गप्प होता आणि व्हॉल्व्ह जाळण्याच्या वाटेवर होता. तुम्ही कव्हर उघडलंत म्हणून तो सापडला. टिकटिक गेली नाही तरी हे काम सार्थकी लागलेलं आहे.

टॅपेट मापासाठी करायचे असतात, आवाजासाठी नाही. माप खरं असेल आणि आवाज राहिला, तर माप घेण्यात काहीतरी फसतंय किंवा आवाज दुसरीकडून येतोय.

घाटमार्ग | १८ जून, सायंकाळी ५.००

काका, हे माहीत नव्हतं. माझ्या गाडीचे मागच्या वर्षी असेच आवळलेले आहेत. या रविवारी उघडून मोजतो.

उद्यमनगरचा | १८ जून, सायंकाळी ६.२०

फिटरकाकांनी शेवटी लिहिलंय, "माप घेण्यात काहीतरी फसतंय", तिथंच मेख हाय. ४च्या रॉकरचं तोंड बघा. व्हॉल्व्हच्या दांडीवर जे टेकतं ते. माझी पैज हाय, तिथं खड्डा पडलेला असणार.

कसं होतंय बघा. दांडीचं टोक गोल, बारीक. ते वर्षानुवर्षं रॉकरच्या तोंडावर एकाच जागी आपटतं, घासतं. तिथं दांडीच्या रुंदीचा खळगा पडतो. फीलरची पात त्याहून रुंद. ती खळग्यात उतरत नाही, दोन्ही काठांवर पुलासारखी आडवी बसते. तुम्हाला वाटतं ०.३० भरले. खरा गॅप म्हणजे ०.३० अधिक खळग्याची खोली. पात खोटं बोलत नाही, पण तिला खळगा दिसत नाही.

इंजिन फिरवून ४चा व्हॉल्व्ह बंद करा, लॉकनट सोडून स्क्रू भरपूर ढिला करा, रॉकर वर उचला आणि टॉर्च मारून खालून नखानं चाचपा. नख अडकलं की समजायचं.

जांभाचिरा | १९ जून, सकाळी १०.३०

नख अडकलं!

४च्या एक्झॉस्टच्या रॉकरला चिंचोक्याच्या वाटीसारखा गुळगुळीत, चकचकीत खळगा आहे. बाजूची जागा राखाडी, मधेच आरशासारखी. बाबांच्या बोटाला लावून दाखवला. ते बराच वेळ बोट फिरवत राहिले आणि म्हणाले, "इतकी वर्षं ह्याच्यावर पात घालून मी पण फसत होतो."

बाकीचे अकराही बघितले. ३च्या एक्झॉस्टला जरासा ओरखडा आहे, नख अडकत नाही. बाकी साफ.

नवा रॉकर घ्यायचा की हाच दुरुस्त होईल? आणि तोवर गाडी शेडमधून काढायची असेल तर काय करू? वीस तारखेला घरचं भात-बियाणं आणायचं आहे.

आगारातला फिटर | १९ जून, दुपारी १२.१५

तात्पुरता इलाज सांगतो, फीलर न वापरता. शेजारचा चांगला रॉकर घ्या, खळगा नसलेला, एक्झॉस्टचाच. त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद असताना स्क्रू हलक्या हाताने आत घ्या, गॅप अगदी शून्य होऊन रॉकर नुसता टेकेपर्यंत. पुशरॉड बोटांनी फिरवत राहा, तो जड व्हायला लागतो तिथे शून्य. स्क्रूच्या खाचेची खूण करा. आता ०.३० ची पात बरोबर बसेपर्यंत स्क्रू मागे सोडा आणि किती फिरला ते बघा. स्क्रूचे आटे आणि रॉकरची लांबी सगळीकडे सारखीच, म्हणून तेवढाच फेरा ४च्या एक्झॉस्टला लागू. तिथे आधी शून्य करा, दांडी खळग्यात टेकलेली असेल. मग तेवढाच फेरा मागे. गॅप खरा ०.३० येईल. चांगल्या रॉकरचं माप पुन्हा लावून घ्यायला मात्र विसरू नका.

काम भागेल, पण हा इलाज कायमचा नाही. खळगा वाढतच जातो.

उद्यमनगरचा | १९ जून, दुपारी १.००

रॉकर दुरुस्त होतो, पण एका अटीवर. त्याच्या तोंडाचा वरचा थर तेवढा कडक केलेला असतो, आत मऊ लोखंड. खळगा थरातच असेल तर तोंडाचा मूळ गोलावा राखून हलकं ग्राइंडिंग करता येतं. थर ओलांडून गेला असेल तर घासून उपयोग नाही, महिन्याभरात पुन्हा खड्डा. आणि कुणी सपाट घासून देत असेल तर देऊ नका. तोंड गोल असतं ते उगाच नाही, रॉकर फिरताना दांडीवर लोळला पाहिजे. सपाट केला तर काठ दांडीला खरवडतो आणि बाजूने ढकलतो, मग गाइड (दांडी ज्यात सरकते ती नळी) जातं.

कोल्हापूरला येणं असेल तर रॉकर घेऊन या, डायल लावून खोली मोजू. दांडीचं टोकही बघून या, ते चेपून फुललं असेल तर निराळं दुखणं.

रॉकर काढताना शाफ्टच्या ब्रॅकेटचे बोल्ट एकदम एक पूर्ण सोडू नका. सगळे थोडे थोडे, आळीपाळीने, नाहीतर स्प्रिंगच्या दाबानं शाफ्ट वाकतो. पुशरॉड ज्या भोकातला त्याच भोकात गेला पाहिजे. पुठ्ठ्याला बारा भोकं पाडा, नंबर टाका, त्यात खोचून ठेवा. शाफ्ट हातात आला की त्यातली तेलाची भोकं तारेनं साफ करा आणि हवा मारा. एकाच रॉकरला एवढा खड्डा पडायचं एक कारण तिथलं भोक बुजलेलं असणं हे बी असतंय.

हायवेचा सोबती | १९ जून, दुपारी २.१०

तेलाचं बघच. ऑइल किती किलोमीटरला बदलता?

जांभाचिरा | १९ जून, रात्री ९.२५

सोबती, खरं सांगतो, गेली दोन वर्षं बाबांचं लक्ष कमी झाल्यापासून ड्रायव्हरवर सोडलं होतं. कधी बदललं याची नोंद नाही. आधीच्या सगळ्या वह्या बाबांनी ठेवल्यात, माझीच नाही.

जांभाचिरा | २७ जून, सायंकाळी ६.००

उशिरा लिहितोय, पावसाने चार दिवस वीज नव्हती.

फेऱ्याच्या युक्तीने केलं आणि टिकटिक जवळजवळ गेली. त्यावर बियाणं आणून झालं. मग शाफ्ट उतरवला. ४च्या एक्झॉस्टच्या जागेवरचं तेलाचं भोक काळ्या, मेणासारख्या चिकटीने पूर्ण बंद होतं. तार घालताना करकर आवाज आला. पलीकडचं ३चं निम्मं बंद. मग कळलं, खळगा तिथेच का.

रॉकर आणि शाफ्ट घेऊन एसटीने कोल्हापूरला गेलो. उद्यमनगरमध्ये डायलवर मोजलं, खळगा ०.१४ मिमी खोल. म्हणजे मी ०.३० समजत होतो तेव्हा खरा गॅप ०.४४ होता. कडक थर संपून खाली मऊ लागलेलं निघालं, त्यामुळे ४चा रॉकर नवाच घेतला. ३चा हलका ग्राइंड करून घेतला. दांडीची टोकं साफ आहेत. बुशही तपासून दिले, त्यांत ढिलाई नाही. दादांनी दुकानात बसवून चहा दिला आणि पूर्ण गोष्ट समजावून सांगितली, त्याबद्दल इथे सगळ्यांसमोर आभार.

जांभाचिरा | २९ जून, सकाळी ११.१५

काल बसवलं. शाफ्ट आळीपाळीने आवळला, पुशरॉड पुठ्ठ्यावरून आपापल्या जागी, बाराही टॅपेट पुन्हा मापावर. कव्हरचं बुचाचं गॅस्केट नवं टाकलं. जुनं इतकं आवळलेलं होतं की पापडासारखं चिरलं होतं. ऑइल आणि फिल्टर बदलले. कव्हर लावायच्या आधी थोडा वेळ चालू करून प्रत्येक रॉकरला तेल पोचतंय का ते बघितलं. ४वर पहिल्यांदा तेलाचा ओघळ दिसला.

मग कव्हर लावून चालू केली. बाबा बॉनेटला हात टेकून उभे होते. टिकटिक नाही. सगळ्या टॅपेटांचा मिळून जो बारीक, एकसारखा किरकिर आवाज असतो तेवढाच. मी विचारलं, "अजून थोडा कमी करू का?" बाबा म्हणाले, "नको. एवढा असायलाच पाहिजे. १९९४ साली आणली तेव्हा अशीच वाजत होती."

आगारातला फिटर | २९ जून, दुपारी १२.४०

वाचून बरं वाटलं. बाबांना माझा नमस्कार सांगा. नवा रॉकर आहे, तोंड बसायला वेळ लागतो. हजार किलोमीटर झाले की ३ आणि ४ पुन्हा मोजा. आणि २च्या एक्झॉस्टकडे लक्ष ठेवा. तो आपोआप घट्ट होत असेल तर व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत चाललाय असं समजायचं. तीन महिन्यांत ०.३० चा ०.२० झाला तर लिहा, मग हेडचं बोलू.

घाटमार्ग | २९ जून, दुपारी १.०५

माझ्या गाडीचे मोजले. सहापैकी चार एक्झॉस्ट ०.१० च्या खाली, एकात तर पातच जाईना. सगळे ०.३० वर आणले. गाडी आता वाजते, पण सकाळी चालू करताना जो पांढरा धूर यायचा तो कमी झालाय. कॉम्प्रेशन बघून घेऊ का काका?

आगारातला फिटर | २९ जून, दुपारी १.३०

घ्या. सहाही सिलिंडरचं, इंजिन गरम असताना, आणि आकडे इथे टाका. ज्यात पात जात नव्हती त्या सिलिंडरचा नंबर आधी लिहा.

जांभाचिरा | २९ जून, रात्री ८.५०

नवी वही केली. पहिल्या पानावर बाराही गॅप, ऑइलची तारीख आणि किलोमीटर. २चा एक्झॉस्ट लाल पेनाने लिहिलाय. खाणी सुरू झाल्या की पहिल्या हजार किलोमीटरनंतर आकडे इथेच टाकेन.